वखरलं, पण पेरलं नाही

आधी क्षमा मागतो. ज्यांनी काही मोठं केलं त्यांनीच आठवणी लिहाव्यात असं मला वाटत आलं आहे, आणि मी तर अजून शिकतोच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे लिहिलेलं बरं आहे की वाईट हे घरी कोणाला विचारायचीही सोय नाही. तरी लिहितो आहे. कायदा मोडणं केव्हा बरोबर असतं, हा प्रश्न आमच्या प्राध्यापकांनी एकदा वर्गात विचारला होता. राज्य परक्यांचं होतं तेव्हाची गोष्ट वेगळी, आता राज्य आपलं, मत आपलं, मग आता काय, असं ते म्हणाले. उत्तर मला वर्गात आलं नाही, पुढच्या उन्हाळ्यात गावी द्यावं लागलं, आणि तेही अडखळतच दिलं.

आमचं गाव केळापूर तालुक्यात. बा गावचा कोतवाल. पाटलांचा निरोप पोचवायचा, साहेब आले की सोबत हिंडायचं, सरकारी हुकूम आला की डफ वाजवत गावभर दवंडी द्यायची, हे त्याचं काम. छपन्न साली आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यानं दोन गोष्टी सोडल्या, मेलेलं ढोर ओढणं आणि देवळापुढं डफ वाजवणं. गाव काही महिने रुसलं, मग सवय झाली. दवंडी मात्र त्यानं सोडली नाही. वस्तीतली तरणी मंडळी म्हणत, "तेही सोडा." बा म्हणे, "ते गावाचं होतं, हे सरकारचं हाये. सरकार आपलं नाही काय?" कोतवालाचा पितळी बिल्ला तो राखेनं घासून लख्ख ठेवायचा. आमच्या घरात नोकरी म्हणता येईल अशी तेवढी एकच गोष्ट होती, आणि माझं शिक्षण तिच्याच आधारावर चाललं होतं.

वस्तीत कोणाच्याच नावावर जमीन नव्हती. सगळे दुसऱ्यांच्या कापसात, ज्वारीत राबायचे. गावाच्या उत्तरेला मात्र सरकारी पडीक होती, पळसाच्या झुडपांची, मुरमाड, पण नाल्याकडच्या अंगाला चांगली काळी. ती भूमिहीनांना मिळावी म्हणून वस्तीनं अर्ज केले, पांढरकवड्याला तहसिलीत खेपा घातल्या. दर वेळी एकच उत्तर मिळे, विचार चालू आहे. मी दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन यवतमाळहून घरी आलो, तेव्हा वस्तीचं ठरलेलं होतं. आता विचारायचं नाही, वखर घालायचा.

रविवारी सगळे वंदनेला जमले. पंचशील म्हणून झालं, लोक उठू लागले, पण माय बसूनच राहिली.

"आता दुसरं शील काय म्हटलं आपण?" ती म्हणाली. "दिल्याशिवाय कोनाचं घेनार नाही म्हटलं ना? अन् चालले जमीन घ्यायले."

माझा चुलतभाऊ या सगळ्यात पुढं होता. तो म्हणाला, "काकी, ते चोरीसाठी हाये."

"मंग हे काय हाये? ते जमीन तुह्या आज्यानं ठेवली काय तुह्यासाठी?"

लोक हसले, पण परत खाली बसले. प्रश्न खरा होता. आमच्याकडे दीक्षेनंतर शीलं नुसती म्हणायची नसत, त्यांवरून भांडणंही होत. चुलतभावानं माझ्याकडे बोट केलं. "याले विचारा. हा कॉलेजात नुसती खानावळ झोडून राह्यला काय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याहून मोठी माणसं, आणि उत्तर माझ्याकडून हवं. मी म्हणालो, "मले नक्की नाही सांगता येत. पन घेनं अन् मागनं वेगळं हाये. आपन वखरू, पेरू नोको. सरकारनं दिली तर पेरू, नाही दिली तर वखरलेली तशीच सोडू. कोनाचं नुकसान करायचं नाही. लपून करायचं नाही, आधी सांगून करायचं. अन् जे होईन त्याच्यापासून पळायचं नाही. हे जमत असन तर बरोबर हाये. नाही जमत, तर मायचं बरोबर हाये."

"म्हंजे सरकारची जमीन फुकटात वखरून द्याची!" चुलतभाऊ ओरडला. "वा रे बॅलिस्टर!"

त्या दिवसापासून वस्तीत माझं नाव बॅलिस्टर पडलं, ते अजून आहे. माय मात्र उठली आणि म्हणाली, "मंग ठीक हाये. भाकरी किती लागतीन सांगा."

घरी जाताना बानं एवढंच विचारलं, "पळायचं नाही म्हणतं, ते सगळ्यायले लागू हाये? कोतवालालेही?"

मी "हो" म्हणालो. त्या "हो"मध्ये त्याचा बिल्ला जाईल हे मला घरी पोचल्यावर कळलं. मी रात्रभर जागा होतो, तो घोरत होता.

बैल आमच्याकडे नव्हते. पडीक ओलांडली की कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती. तिथल्या प्रमुखाकडे, नाईकाकडे, तीन जोड्या होत्या. बा आणि मी मागायला गेलो. नाईकांनी बिडी पेटवली आणि म्हणाले, "तुमी वखरसान. मंग आमची ढोरं पानी प्याले कुठून जातीन? उडून?"

आमच्या कोणाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. पोडाची ढोरं त्या पडिकातूनच नाल्यावर जात. बानं तिथंच उठून नाईकांना सोबत घेतलं, दोघांनी ढोरांच्या वाटेच्या दोन्ही अंगांना पळसाच्या फांद्या रोवल्या, आणि मधली वाट सोडायची ठरली. "आता ने जोड्या," नाईक म्हणाले. "अन् सांजच्याले पाजून आणजो."

मग आम्ही पाटलांना जाऊन सांगितलं, अमुक दिवशी वखर घालणार. पाटलांनी वर कळवलं आणि दोन दिवसांत तहसिलीतून हुकूम आला, पडिकात कोणी शिरू नये. हुकूम आला म्हणजे दवंडी आली.

ती ऐकायला सारं गाव ओट्यावर बसलं होतं. कोतवाल स्वतःवरच बंदी कशी पुकारतो, हे कोणाला पाहायचं नव्हतं? चुलतभावानं बाला हळूच सुचवलं, "काका, थोडं चुकीचं सांगा ना. जागा दुसरीच सांगा."

"काहून? मले वाचता येत नाही, पन पाटलानं वाचलेलं आयकू येते," बा म्हणाला, आणि डफावर काडी मारली.

त्यानं चौकात सांगितलं, मारुतीच्या पारापाशी सांगितलं, आणि आमच्या वस्तीत तर दोनदा सांगितलं. "आयका हो आयका! उत्तरेच्या सरकारी पडिकात कोनी वखर घालू नये, घातल्यास कायदेशीर कारवाई होईन हो!" मग डफ थांबवून विचारलं, "बराबर आयकू आलं काय सगळ्यायले?"

माय दारातून म्हणाली, "आलं, आलं. आता जेवून घ्या, उद्या मोडाले जायचं हाये."

सकाळी तो डफ आणि बिल्ला घेऊन पाटलांकडे गेला, मी सोबत होतो. पाटील माणूस वाईट नव्हता. दोन्ही वस्तू पाहून ते म्हणाले, "कोतवाल, हे कायले? चार दिवस बिमार पड ना. मी लिहून देतो, ताप आला म्हनून. मंग तू कुठं जातं, मले काय मालूम."

"ताप नाही ना आला, पाटील."

"अरे, येते कधी कधी!"

"खोटं न बोलायचं शील घेतलं हाये," बा म्हणाला. "हुकूम सगळ्यायच्या कानात घातला, ते माह्यं काम होतं. आता तो मोडाले चाललो. मोडताना बिल्ला छातीवर नसावा."

पाटलांनी दोन्ही वस्तू खुंटीला अडकवल्या. "वर मी आपल्या तोंडानं सांगनार नाही," ते म्हणाले. "पन ते विचारतीन."

वखरणी झाली. इतक्या आनंदात काम केलेलं मी आमच्या माणसांना क्वचित पाहिलं आहे. दुसऱ्याच्या शेतात ती मुकाट राबत, इथं एकमेकांच्या रेघा वाकड्या म्हणून चिडवत होती. दुपारी नायब तहसीलदार आणि पोलीस आले. आम्ही बैल सोडून नाईकांच्या हवाली केले आणि ओळीनं उभं राहून नावं दिली. साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही काय करता?" कॉलेजात शिकतो म्हणालो. "मग तुम्हाला तरी समजायला पाहिजे." मला खूप काही बोलायचं होतं. तोंडून एवढंच निघालं, "हो, साहेब. समजते." त्यांनी नाव लिहून घेतलं. पांढरकवड्याच्या कोठडीत आम्ही काही दिवस काढले. जागा अपुरी होती, पण मायच्या भाकरी रोज यायच्या, आणि बा तिथं पहिल्यांदा माझ्याजवळ बसून स्वतःचं नाव लिहायला शिकला.

सुटल्यावर बा मजुरीला लागला आणि मी कॉलेजात परतलो. जमीन वखरलेली तशीच पडून होती. त्यावर गवत वाढलं, पण आमच्यातल्या कोणी एक दाणाही टाकला नाही. बिल्ला पाटलांच्या खुंटीलाच होता. अभ्यासाला बसलो की मनात यायचं, जमीनही गेली आणि नोकरीही, तर माझं ते उत्तर बरोबर होतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? घरून कोणी आलं की मी आधी तेच विचारायचो. काही कळलं नाही, हेच उत्तर मिळे.

कापूस वेचणी संपत आली तेव्हा एक दिवस चुलतभाऊ वसतिगृहात आला. खाटेवर बसला, चहा मागवला, माझ्या पुस्तकाची पानं उलटली, पोडातल्या लग्नाची हकीकत सांगितली. मी म्हणालो, "दादा, सांग ना आता."

"बिल्ला गेला," तो म्हणाला. "कोतवाल दुसरा नेमला. तेल्याचा पोरगा हाये, आवाज असा की शेजारच्या बकरीलेही आयकू येत नाही. परवा त्याची पहिली दवंडी होती."

"कायची?"

"पडिकाची. एकसाली पट्ट्यानं देऊन राह्यले वस्तीले, दर साली नवी करून घ्याची. पोडाची वाट सोडून बाकी सगळी." तो हसू लागला. "तुहा बा गर्दीत उभा राहून आयकत होता, जन्मात पहिल्यांदा. मधातच ओरडला, 'जोरात सांग, बाप्पा! आमचं काम हाये ते!' मंग त्याच्या हातातला डफ घेऊन कसा धरायचा ते दाखवलं, अन् सारी दवंडी पुन्हा द्यायले लावली. घरी आला अन् काकीले म्हने, 'सरकारनं दिली. आता पेरता येते.'"