ट्रंकेवरचं एक मिनिट

दादा गेल्याचं मला शाळेत कळलं. मी शिकवते त्या बराकपूरच्या शाळेत फोन फक्त मोठ्या बाईंच्या खोलीत. त्यांनी मला बोलावून खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, तुमचे भाऊ ऑफिसच्या जिन्यात कोसळले, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी वर्गात परत गेले, हजेरी पुरी केली. कलकत्त्याला घरी परतताना सियालदाच्या गाडीत डबासुद्धा खाल्ला... बटाट्याची भाजी होती. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

दादा रशियात रोस्तोव नावाच्या बंदरगावी, तिथल्या विद्यापीठात पाच वर्षं भूगर्भशास्त्र शिकला. बंदर नदीवरचंच, आपल्या कलकत्त्यासारखं, म्हणायचा. मॉस्कोला शिकून आलेले लोक त्या विद्यापीठाचं नाव ऐकून नाक मुरडायचे. त्याला मात्र तिथलं सगळंच प्यारं. येताना त्याने पुस्तकांनी भरलेली हिरवी ट्रंक आणली आणि एक खूळ आणलं. घरातून कुणी निघालं की आधी सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसायचं. तिथली ती रीतच. तो निघाला त्या दिवशी वसतिगृहाची पहारेकरीण आणि सात मित्र एकाच खाटेवर दाटीवाटीने बसले होते. कुणी काही बोललं नाही, आणि तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण खरंच चाललो...

तिथे हे लांबच्या प्रवासापुरतं. या पठ्ठ्याने ते रोजच्या ऑफिसलाही लावलं! बिचारी वहिनी कणकेच्या हातांनी येऊन बसायची. मी चिडायची. बराकपूर म्हणजे काय सैबेरिया आहे?

त्या सकाळी ट्रंकेवर सरकून जागा करत तो म्हणाला, "बस गं, एकच मिनिट."

"तुझ्या मिनिटापायी माझी गाडी जाते," म्हणत मी चपला घातल्या आणि निघाले. मागे वळूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी त्याला न्यायची वेळ झाली. ऑफिसची मंडळी घाई करत होती. वहिनीला चारचौघांत बंगाली बोलायची लाज वाटते, पण ती पुढे आली आणि म्हणाली, "एकटू बोशून." जरा बसा. कशासाठी ते त्यांच्यापैकी कुणालाच कळलं नाही, तरी बसले सगळे. जमिनीवर, जिन्यात, दाराशी. मी ट्रंकेवर बसले, त्याची जागा सोडून, कडेला. मग सगळे उठले.

आता रोज सकाळी चपला घालून मी तिथेच बसते. परवा वहिनी आतून आली आणि म्हणाली, "वन्सं, निघा आता. मिनिट कधीच झालं."