मुकी सीडी

गास गावात आमच्या इमारतीला लागूनच एक जुनं कौलारू घर होतं. तिथे एक म्हातारी आणि तिची सून, दोघीच राहायच्या. मुलगा मस्कतच्या एका वर्कशॉपमध्ये होता. तो माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो, त्याच्या बायकोला वहिनी आणि आईला काकी.

दर शुक्रवारी येणारा त्याचा फोन त्या उन्हाळ्यात तीन आठवडे आलाच नाही. मग मस्कतला त्याच्या खोलीत राहणारा एक जण सुट्टीवर आला आणि एक सीडी देऊन गेला. दाराबाहेरूनच. चहालाही थांबला नाही.

वहिनींनी ती प्लेयरमध्ये घातली, तर समोरच्या पट्टीवर अक्षरं आली, ‘नो डिस्क’. त्या सीडी पदराला पुसत माझ्याकडे आल्या.

“भावजी, खराब तर नसेल ना?”

खराब नव्हती. डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले पाच छोटे व्हिडिओ त्यात होते. संगणकावर ते दिसत होते, पण आपले प्लेयर तेव्हा व्हीसीडीशिवाय काही ओळखत नसत. मी म्हटलं, व्हीसीडीत बदलून देतो. वाटलं होतं तासाभराचं काम. दोनदा ऐन दुपारी वीज गेली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. त्या घाईत मी व्हिडिओ नीट पाहिलेही नाहीत.

रविवारी सकाळी नवी सीडी घेऊन गेलो. या वेळी चित्र आलं. दादा खाटेवर बसून हसत होता, ओठ हलत होते, पण आवाज नाही. आवाज बदलताना माझं काहीतरी चुकलं होतं. मी उठून बंद करायला गेलो.

“राहू दे,” काकी म्हणाल्या.

ऐकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिघंही नुसतं बघत राहिलो. दादा खाटेवर, दादा भांड्यांपाशी, दादा गच्चीवर. काकी हळूहळू टीव्हीच्या जवळ सरकल्या.

“त्याचा डावा हात कुठे हाय?”

वहिनी हसल्या. “आई, असेल की मागे.”

“पाचही येळेला मागेच?”

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. एकदा हात उशीखाली, एकदा खिशात, एकदा पाठीमागे. वहिनींचं हसू गेलं. आवाज घालून आणतो म्हणत मी बाहेर पडलो.

घरी दार लावून पाचही व्हिडिओ आवाजासकट ऐकले. दादा जेवणाबद्दल, उन्हाबद्दल, खोलीतल्या माणसांबद्दल बोलत होता. शेवटच्या व्हिडिओत कॅमेरा धरणारा हिंदीत कुजबुजला, “हाथ नीचे रख, पट्टी दिख रही है.”

मी तेवढा तुकडा कापला. दोन क्लिकचं काम. वाटलं, मी त्यांना वाचवतोय.

तिसरी सीडी चालली. आवाज ऐकून वहिनी रडल्या. काकींनी विचारलं, “येवढंच होतं?”

“हो,” मी म्हणालो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

पावसाळा सुरू व्हायच्या आत दादा परत आला. डाव्या हाताला अंगठा आणि एक बोट, बाकीची मशीनमध्ये गेली होती. मी भेटायला गेलो तेव्हा काकी आणि वहिनी तिथेच होत्या. तो मला म्हणाला, “सीडी बघून पण कोणी काही विचारलं नाय. मी फोनजवळ बसून होतो.”

“कळणार कसं, दादा? तू तर हात लपवला होतास.”

“शेवटी तो बोलला होता ना पट्टीचं. मी मुद्दाम ठेवलं ते. माझ्या तोंडून निघत नव्हतं, म्हटलं असं तरी कळेल.”

मला खोटं बोलता आलं असतं. तो तुकडा मीच कापला, हे सांगून टाकलं. वहिनी उठून आत गेल्या.

पुढचे काही महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एका दुपारी आमच्या दारात येऊन म्हणाल्या, “ती पहिली सीडी आहे ना अजून?” मी संगणक लावला. त्या उभ्यानेच तो शेवटचा व्हिडिओ ऐकत होत्या. कुजबुज संपली तशी म्हणाल्या, “परत लावा.”