शुक्रवारचा सूर

आमच्या घरात गाणी स्वयंपाकघरात तयार व्हायची, तीही पोळ्या झाल्यावर. ओटा पुसला की वहिनी त्यावर टेपचं यंत्र मांडायची, मी पोळपाटाच्या जागी कीबोर्ड ठेवायचे, आणि कुणाला चहाची तलफ आली की सगळ्या वायरी गुंडाळून बाजूला. सिल्वासात त्या काळी विजेच्या वाद्यांवर स्वतःची गाणी करणारं दुसरं कोणी असेल तर मला ठाऊक नाही. नणंद-भावजयीची जोडी तर नक्कीच नव्हती. हे मी फुशारकीने सांगते आहे, आणि सांगणारच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही टोकरखाड्याला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा मूळचे रत्नागिरीकडचे, इथल्या मराठी शाळेत मुख्याध्यापक. मी कचेरीत टायपिस्ट. दादा नरोलीला सुताच्या कारखान्यात शिफ्टचा सुपरवायझर, आणि त्याची बायको खानदेशातली. तिच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथेच ती लहानाची मोठी झाली. दुकान बंद पडलं तेव्हा त्यातलं जे जे विकलं गेलं नाही, ते एका पत्र्याच्या पेटाऱ्यात भरून तिने लग्नात सोबत आणलं. साड्यांच्या बॅगेमागून तो पेटारा उतरला तेव्हा आई कपाळावर हात मारून म्हणाली, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्याने धाडलं घोडं!"

त्या घोड्यानेच पुढे आम्हाला पळवलं. दोन मोडके टेपरेकॉर्डर फोडून वहिनीने एक यंत्र बनवलं. एका बाजूची कॅसेट वाजत असताना तिच्यावर आपण काही वाजवायचं, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या बाजूच्या कॅसेटवर उतरवायचं. मग ती कॅसेट लावून तिच्यावर आणखी काही. असं थरावर थर देत गाणं उभं राहायचं. मी बाबांच्या पेटीवर शिकलेली, त्यामुळे कीबोर्ड माझा. गळा वहिनीचा. नम्रपणा दोघींकडेही नव्हता. एखादा तुकडा जमला की ती मला म्हणायची, "वन्सं, आपलासारखं कोनी शे का?" मी म्हणायचे, कोणी नाही. त्यावर आमचं कधी भांडण झालं नाही.

आमची एक पद्धत होती. आमची कॅसेट कुणालाही फुकट मिळायची, पण तिच्या बदल्यात त्याने एक आवाज आणून द्यायचा. कुठेही ऐकलेला, आम्ही न ऐकलेला. नरोलीला भाड्याच्या खोल्यांत राहणारी खानदेशातली पोरं गावाहून येताना आईच्या जात्यावरच्या ओव्या टेप करून आणायची. दादाने कारखान्यातल्या यंत्राशेजारी टेप धरून सूत पिळण्याची घरघर आणली. कचेरीतल्या शिपायाने गलोंड्याहून तारपा आणला, म्हणजे भोपळ्याच्या त्या लांबलचक वाद्याचा श्वास न तोडता वाजणारा सूर. तो ऐकून मी दोन दिवस कीबोर्डला हात लावला नाही, इतकी मला स्वतःची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी लावला. मी रात्रीच्या रेडिओवर परदेशी स्टेशनं चाळायचे, कुठल्या भाषेतली ते न कळता काहीबाही पकडायचे. हे सगळं आम्ही कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला भरून पुढे पाठवायचो. पहिली बाजू आमची, दुसरी जगाची.

बाबांना यातलं काही पटत नव्हतं. कॉलनीच्या भजनी मंडळात पेटी त्यांची, आणि सुराच्या बाबतीत ते देवालाही सोडत नसत. आमच्या कामाला ते "खडखडाट" म्हणायचे. खडखडाटाशिवाय त्यांची दुसरी तक्रार पंख्याची होती. "पंखा लावला की तुमचं ते मशीन बसतं," ते बाहेरून ओरडायचे. "सूर उतरतो!" आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो. सासऱ्यांनी आणि वडिलांनी काहीतरी बोलायचंच असतं, असं आमचं मत.

मागची खोली मात्र आम्हाला हवी होती. तिथे बाबांची पेटी आणि शाळेचे जुने गठ्ठे असत. ती मिळाली असती तर यंत्र एका जागी राहिलं असतं, दर चहाला पसारा आवरायला लागला नसता. मी विषय काढला. बाबांनी चष्मा पुसला आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं.

"गणपतीत मांडवात एक गाणं करा. गाणं संपेपर्यंत एकही माणूस जागचं उठलं नाही, तर खोली तुमची. उठलं, तर मशीन पेटाऱ्यात आणि पेटारा माळ्यावर. मग पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. कबूल?"

मी वहिनीकडे पाहिलं. माझं काय, मी पेटीवर परत गेले असते. वहिनीचं तसं नव्हतं. या घरात भांडी सासूची, देव सासऱ्यांचे, रेडिओ नवऱ्याचा. माहेरचा तो पेटारा तेवढा तिचा स्वतःचा. तो माळ्यावर गेला असता तर तिच्याकडे या घरात सून असण्याखेरीज काही उरलं नसतं. तिला हे माझ्याआधी कळलं होतं. तरी पदर खोचून तीच म्हणाली, "कबूल, मामंजी. हातच्या कंकणाला आरसा कशाला?"

गाणं आम्ही कारखान्याच्या भोंग्यावर केलं. दादाने आणलेल्या सुताच्या घरघरीचा ताल, त्याखाली तारप्याचा अखंड सूर, आणि शब्द वहिनीचे, अर्धे आमच्या मराठीतले, अर्धे तिच्या अहिराणीतले:

भोंगा वाजला, डबा सजला,
कोन चालनं नरोलीले?

ताल आणि तारपा टेपवर असणार होते. त्यावर मांडवात मी कीबोर्ड वाजवायचा आणि वहिनीने गायचं.

रेकॉर्डिंग आम्ही नेहमी शुक्रवारी करायचो. इतर दिवशी संध्याकाळी सगळे कारखाने वीज ओढायचे, आमचे बल्ब तांबूस व्हायचे आणि यंत्रात गुणगुण शिरायची. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे घरात वीज अशी यायची की बल्बकडे बघवायचं नाही. हे गाणंही शुक्रवारी केलं. तालीमही दर शुक्रवारीच केली, कारण यंत्र छान चालायचं. छान चालणाऱ्या दिवशीच तालीम करायची, यात काही चुकतंय असं दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. शेवटची तालीम तर इतकी सुरेख झाली की वहिनीने मागच्या खोलीत कुठल्या भिंतीला फळी ठोकायची तेही ठरवून टाकलं.

कार्यक्रम शनिवारी होता.

मांडव भरला. पुढे कॉलनीतली मंडळी, पहिल्या रांगेत खुर्चीवर बाबा, ताठ. मागे नरोलीची पोरं, वहिनीला माहेरचं माणूस समजून सायकलींवरून आलेली. समोर दोन मोठे हॅलोजन, वर रंगीत तोरणं, चार उभे पंखे, आणि हे सगळं आमच्या यंत्रासकट एका क्वार्टरमधून ओढलेल्या एकाच वायरीवर. मला भीती अशी वाटलीच नाही. मी साडी नीट केली, कीबोर्डला नवे सेल घातले, वहिनीकडे बघून मान हलवली. तिने बटण दाबलं.

टेप सुरू झाली. ताल ओढत होता. तारपा भलत्याच सुरात होता. आमच्या पट्टीत नव्हता, खालच्याही पट्टीत नव्हता, दोहोंच्या मधे कुठेतरी लोंबकळत होता. मी पहिली पट्टी दाबली तर असा काही आवाज झाला की पुढच्या बायकांनी तोंडावर पदर धरला. मी एक पट्टी खाली सरकले. तेही चुकीचं. तो सूर माझ्या कीबोर्डवर नव्हताच.

वहिनीने गायला सुरुवात केली. गळा कुठेही जाऊ शकतो, तिने तो टेपबरोबर खाली नेला. मी हात उचलून बसून राहिले. पण गाणं मेल्या बैलासारखं चाललं होतं. एक मूल जांभई देऊन आईला ओढायला लागलं. आईने त्याला खाली बसवलं. मी त्या बाईकडे अशी बघत होते, जणू तिच्याच हातात आमची खोली आहे. वहिनी गाता गाता माझ्याकडे झुकून पुटपुटली, "घाबरू नको वं, मी शे ना."

आणि मग बाबा उठले.

कॉलनीत कोणीही उठलं असतं तर चाललं असतं, म्हणजे चाललं नसतंच, पण बाबांनी उठावं? मला राग आला, खूप राग आला. निदान संपेपर्यंत बसवलं नाही यांना! ते खुर्च्यांच्या मधून, कुणाकडे न बघता, मांडवाच्या बाजूला गेले आणि विजेच्या बटणांच्या फळ्याशी वाकले.

दोन्ही हॅलोजन विझले. मग तोरणं विझली. मग पंखे घरघरत थांबले. मांडवात गणपतीपुढची समई आणि आमच्या यंत्राचा लाल दिवा, एवढाच उजेड उरला.

आणि गाणं उठलं. खरंच उठलं, झोपलेलं माणूस कुशीवरून उठतं तसं. तारपा वर वर सरकत आपल्या जागी आला, सुताची घरघर शुक्रवारच्या चालीने धावायला लागली. मी अंधारात चाचपून पट्टी दाबली आणि ती बसली. अगदी बसली! वहिनीचा आवाज त्याच्याबरोबर वर गेला, तिने मधे श्वाससुद्धा घेतला नाही. मागून नरोलीच्या पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. मी आयुष्यात इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं. खोली, अट, पेटारा, सगळं विसरून मी वाजवत होते.

गाणं संपलं, दिवे लागले. मागून "वहिनी, आखो एक व्हऊ द्या!" चा गलका झाला. पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची सोडली तर एकही माणूस जागचं हललं नव्हतं.

घरी आल्यावर मी म्हणाले, "बाबा, खोली?"

बाबा पाय धूत होते. "एक माणूस उठलं," ते म्हणाले.

"तुम्हीच उठलात!"

"मी माणूस नाही का? आणि बाकीचे अंधारात उठणार कुठे? अट म्हणजे अट."

दादा भांडायला निघाला. वहिनीने त्याला हाताने अडवलं. तिने यंत्र पुसलं, वायरी एकेक करून गुंडाळल्या, पेटाऱ्यात ठेवून कडी घातली आणि दादाला म्हणाली, "माळ्यावर ठेवा." ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रडलीही नाही. पोळ्या करायला लागली.

पुढचा आठवडा घरात कोणी गुणगुणलंही नाही. नरोलीचा एक मुलगा बदल्यातला आवाज घेऊन आला, त्याला वहिनीने चहा दिला आणि कॅसेट परत केली.

शुक्रवार आला. बल्ब लख्ख पेटला. आम्ही स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलो होतो. मागच्या खोलीतून पेटीचा आवाज आला. बाबा भजन वाजवत असतील असं वाटलं. मग मला ओळखू आलं. भोंगा वाजला, डबा सजला. पहिली ओळ त्यांनी बरोबर वाजवली. दुसऱ्या ओळीत अडकले. परत पहिल्यापासून. परत तिथेच अडकले. वहिनीने मान वर केली नाही, पण तिच्या हातातली भेंडी तशीच राहिली.

बऱ्याच वेळाने बाबा दारात आले. "ते 'नरोलीले' म्हणताना तू काय करतेस, सूनबाई? मला सापडत नाही."

"सांगता यावाचं नाही, मामंजी," वहिनी म्हणाली. "ऐकवावं लागेल. पण पेटारा माळ्यावर शे."

बाबांनी स्टूल ओढलं, चष्मा खिशात ठेवला, आणि कुणाला हात न लावू देता तो पेटारा स्वतः खाली उतरवला. मागच्या खोलीत नेऊन ठेवला. शाळेचे गठ्ठे बाहेर आले. पेटी तिथेच राहिली, कारण दुसऱ्या ओळीचं काम बाकी होतं. अटीचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधी केला नाही, आम्हीही नाही. वहिनीने भिंतीला फळी ठोकली, जिथे ठरवली होती तिथेच.

त्यानंतर आम्ही आठवड्याचे सगळे दिवस काम करायला लागलो. यंत्राचा लाल दिवा लागला की बाबा घरभर फिरून एकेक दिवा मालवायचे, पंखा बंद करायचे आणि बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. सिल्वासातला उकाडा, अंगात बनियन, हातात वर्तमानपत्राची घडी वारा घ्यायला. पुढे वहिनीने वापीहून एक लहानसा भाग आणून यंत्रात बसवला. वीज कमी येवो की जास्त, टेपचा वेग हलेनासा झाला. तिने हे बाबांना नीट समजावून सांगितलं, पंखा लावून, गाणं वाजवून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "असू दे," ते म्हणाले. "विजेचा काय भरवसा?"

नव्वदच्या दशकातली बरीच वर्षं आमच्या घराची संध्याकाळ अशीच गेली. आत आम्ही दोघी, बाहेर पायरीवर बाबा. येणारा-जाणारा अंधारं घर बघून थांबायचा, "काय मास्तर, लाइट गेली का?"

"नाही," बाबा हळू आवाजात सांगायचे. "आत गाणं चाललंय."