पाठराखीण आणायला राजवाड्यावर

मुळशीच्या पाण्यावरचा राजवाडा बघायला हल्ली पुण्याची माणसं येतात. मीही जाऊन आले. पण मी बघायला नव्हते गेले, माझी बहीण आणायला गेले होते. वाट कशी, खायचं काय, ते सगळं सांगते. राग आलाय तोही त्यातच येणार. मला दोन वेगळं लिहिता येत नाही.

आमचं गाव रिहे. शेजारच्या घोटावड्याच्या जहागीरदारांची लेक एका संस्थानच्या राजाला दिली, तेव्हा माझी थोरली बहीण आक्का पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर गेली. दोघी एका वयाच्या, एकत्र खेळलेल्या. पाठराखणीनं करायचं काय, तर नवरी सासरी रुळेपर्यंत सोबत राहायचं आणि मांडवपरतणीला नवरी माहेरी येते तेव्हा तिच्याबरोबर परत यायचं. पण नवरी आलीच नाही. राजाच्या राणीनं वाड्याचा उंबरा ओलांडायची रीत नाही म्हणे. नवरी नाही म्हणून पाठराखीणही नाही! आई वाट बघून बघून गेली. आक्काचं लग्न नाही, संसार नाही. संस्थान कुठल्या कुठं लांब, आम्ही शेतकरी माणसं, जहागीरदारांपुढं तोंड उघडायची सोय नाही, विचारायचं कुणाला?

मग संस्थानं गेली, राजेही वारले. राणीनं तिकडचा मोठा वाडा सोडला आणि उन्हाळ्यापुरता बांधलेला इथला राजवाडा धरला. आम्हाला पत्ता नाही. यंदा वरच्या मावळातला एक म्हातारा टोपल्या विकायला आला, माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "तुज्यावानीच नाक आसल्याली बाई राणीकडं हाय बग."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. एका दिवसाच्या वाटेवर माझी बहीण, आणि मी हितं तांदूळ पाखडत बसलेली!

भात झोडून झालंच होतं. जाऊ पारूला बरोबर घेतलं. भाकरी, खर्डा बांधला. आक्कासाठी माझं कोरं लुगडं घेतलं. पिरंगुटापर्यंत बैलगाडी, तिथून एसटी. जाणार असाल तर सकाळचीच गाडी धरा, दुपारच्या गाडीचा भरवसा नाही. पौडाला चहा प्या, भजी खाऊ नका; तेल कालचं असतं, पारू रात्रभर पोट धरून बसली. धरणापाशी उतरायचं, पुढं डोंगर पायी चढायचा. पिण्याचं पाणी बरोबर घ्या. समोर नजर पोचत नाही एवढं पाणी पसरलंय आणि वाटेवर घोटभर मिळत नाही.

चढताना पारू म्हणाली, "काय देखावा हाय वो आक्काबाईंच्या नशिबाला!"

"देखावा?" मी म्हटलं, "त्या पान्याखाली गावं हायेत. ती मानसं डोंगरावर झोपड्या घालून ऱ्हात्यात. आन राजं पानी बगाया बंगलं बांधत्यात."

पारूनं पदर खोचला आणि भराभरा चढू लागली.

राजवाडा लांबून झकास दिसतो, खोटं कशाला बोलू. पांढरे खांब, रंगीत काचा. जवळ गेलं की पोपडे दिसतात. दारातला कारभारी पगडी सावरत म्हणाला, "चपला काढा, पदर घ्या. दिवाणखाना बघून घ्यायचा. आणि गादीकडं पाठ करायची नाही, निघताना उलट पावली निघायचं."

"गादीवर कोन बसलंय?"

"कुणी नाही. गादी ती गादी."

"मला गादी नगं. माजी बहीण पायजे."

"इथं कुणाची बहीण राहत नाही," तो म्हणाला. "इथं राणीसाहेब राहतात, आणि बाकी माणसं."

बाकी माणसं! ऐकलंत? मी त्याला बाजूला सारून आत शिरले. आत भुसा भरलेला वाघ, त्याचा एक कान उंदरांनी खाल्लेला. झुंबरांना फडकी बांधलेली. भिंतीवर राजांच्या सात पिढ्या असतील, प्रत्येकाच्या मिशा वेगळ्या. एवढ्या खोल्या, की आमची सगळी आळी झोपेल, आणि आक्काची जागा मुदपाकखान्याच्या मागं, कोळशाच्या खोलीशेजारी.

ती आली. केस पांढरे. माझ्याकडं बघून हात जोडले आणि म्हणाली, "आपण कोण? काय आज्ञा?"

माझी बहीण मला आपण म्हणाली! तिची भाषासुद्धा काढून घेतली होती त्यांनी.

"आक्का, मी गं. तुजी शेंबडी."

ती लहानपणी मला शेंबडीच म्हणायची. तिचे ओठ हलले, माझा चेहरा तिनं दोन्ही हातांनी चाचपला. मग म्हणाली, "आई?" गेली म्हणून मी मान हलवली. ती खाली बसली. मी म्हटलं, "ऊठ, घरी चल." तर म्हणाली, "रजा मिळायला हवी."

तेवढ्यात राणी आली. माझ्या मनात राणी म्हणजे काय काय होतं; ही आमच्यासारखीच, गुडघे धरून चालणारी. सगळं ऐकून म्हणाली, "तिला कुणी बांधून ठेवलंय? जायचं असेल तर जावं."

आक्का जागची हलली नाही. पारू माझ्या कानात कुजबुजली, "आवो, त्यांनी पाठवनी कुटं केली अजून?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाठराखीण आपणहून निघत नसते. नवरीनं तिला कुंकू लावून, ओटी भरून, लुगडं-चोळी देऊन वाटेला लावायचं असतं. ते झालंच नव्हतं. आक्का हट्टानं नव्हती बसली, रीत राहिली होती म्हणून बसली होती. राजघराण्याची उंबऱ्याची रीत पाळली गेली आणि आमची तेवढी विसरली गेली.

"बाईसाहेब," मी म्हटलं, "तुमी घोटावड्याच्या लेक. पाठराखनीची वटी भरा. लुगडं मी आनलंय, तेवढं तुमच्या हातानं द्या."

राणीचा चेहरा उतरला. खरंच उतरला. तिला आठवलं असावं. ती इकडंतिकडं बघू लागली आणि म्हणाली, "आक्का, कुंकवाचा करंडा कुठं असतो गं?"

आता काय बोलायचं? आक्का उठली. करंडा आणला, तांदूळ आणले, नारळ आणला, चोळीचा खण शोधून आणला. स्वतःच्या पाठवणीचं ताट स्वतःच्या हातानं मांडून राणीपुढं धरलं आणि पदर पसरून उभी राहिली. राणीनं ओटी भरली, वर माझं लुगडं ठेवलं. निम्मे तांदूळ खाली सांडले. मी म्हणणार होते, असू दे, म्हातारी आहे. तेवढ्यात ती म्हणाली, "मग आता माझी वेणी कोण घालणार?"

पारूनं माझा दंड धरला नसता तर मी काय बोलले असते देव जाणे.

निघताना आक्का गादीकडं तोंड करून उलट पावली चालत दारापर्यंत गेली. मी मुद्दाम ताठ, पाठ दाखवून निघाले. कारभारी ओरडला. ओरडू दे.

त्याच दिवशी परतीची गाडी मिळत नाही हे ध्यानात ठेवा. धरणाजवळच्या देवळात मुक्काम केला, सकाळी निघालो.

घरी आली, पण आक्का सुटली नव्हती. कुणीही दारात आलं की उठून उभी राहायची. माझ्या नवऱ्यापुढून उलट पावली निघायची. गोठ्यातून तशीच निघाली आणि दुधाची चरवी लवंडली. पोरं हसायची, मी पोरांना झोडायची. राजवाडा कसा होता म्हणून बायका विचारायला आल्या की वाटायचं, ह्यांना सांगावं, हा बघा, आमच्या घरात चालतोय.

परवा आमटीत मीठ जास्त पडलं. मी बोलले, जरा जास्तच बोलले. आक्का पळी आपटून म्हणाली, "लई शानी हायेस! तूच कर मग उद्यापास्नं, शेंबडे!"

आणि माझ्याकडं सरळ पाठ फिरवून, दाणदाण पाय आपटत परसात निघून गेली.

आमटी खारट होती. मी दोनदा घेतली.