'माहीत नाही'ची पेटी

शमीमचा फोन आला तेव्हा मी पुण्यात नातीच्या घरी पणतूला झोपवत होते. म्हणजे खरं तर तोच मला झोपवत होता. शमीमचं खामगावचं घर आमच्या घराला लागूनच आहे, आणि मी गावाला गेले की सकाळचा चहा तीच आक्कांना नेऊन देते. "काकू," ती म्हणाली, "आक्का चहा घेऊन नाही राह्यल्या." मी म्हटलं, "साखर कमी पडली असन, चाखून पाह्य." माझ्या विनोदावर कोणी गप्प बसलं तर मला राग येतो, तसा तेव्हाही आला. मग कळलं... आणि तो राग कुठे ठेवावा ते सुचेना.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आणि उरलेला सगळा जीव वटवाघळांना दिला. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा महाराष्ट्र नवा नवा होता आणि मीही. तेव्हाची मी किती बावळट होते हे डोळ्यांनी पाहिलेलं शेवटचं माणूस म्हणजे आक्का. त्या गेल्या, आता मी माझ्या तरुणपणाबद्दल काहीही थापा मारू शकते, कोणी अडवणार नाही. आजवर याच दिवसाची वाट पाहत होते असं वाटायचं. दिवस आला, तर थाप मारायलाच मजा येईना.

माहेर अमरावतीचं, पण लग्नाआधी काही महिने पुण्याला मावशीकडे राहून आले होते, आणि तेवढ्या भांडवलावर सासरी 'मला-तुला' असं शुद्ध बोलायचे. नायलॉनची साडी नेसायचे, नखं लाल रंगवायचे. त्या नखांनीच आमची ओळख झाली. उन्हाळ्याची दुपार होती. मी ओट्यावर बसून बोटं फुंकत होते, आक्का आतून आल्या आणि माझ्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या. "काय व सुमन, हे वाळाले किती वेळ लागते?" मला केवढा आनंद झाला! म्हटलं, बाईंना हौस आहे, बिचाऱ्यांना कोणी विचारलं नाही. मी लाडिकपणे म्हणाले, "आणा ना हात, लावून देते." त्यांनी हात पुढे केला, बाटली उचलली आणि आत निघून गेल्या.

मागोमाग जाऊन पाहते तर माझं नेलपॉलिश काचेच्या पट्टीवर फासलेलं, आणि त्यावर एक केस आडवा ठेवलेला. खामगावच्या उन्हात त्यांचं ठसे घ्यायचं जिलेटिन घट्टच होत नव्हतं, म्हणून ही युक्ती. केस ओल्या थरावर ठेवायचा, थर वाळला की अलगद ओढून काढायचा. मागे केसाच्या अंगावरच्या खवल्यांचा ठसा उरतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. घरात त्या यंत्राला सगळे 'दुर्बीण' म्हणायचे. "पाह्य," आक्का म्हणाल्या. मी मोठ्या ऐटीत डोळा लावला आणि विचारलं, "वटवाघूळ कुठे आहे?" त्या इतक्या हसल्या की सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यानंतर आयुष्यभर मी काहीही हरवलं, चष्मा, किल्ली, कढईचं झाकण, की आक्का मागून विचारायच्या, "वटवाघूळ कुठे आहे?"

पण दिसलं ते सुंदर होतं, हे तेव्हाही कबूल केलं होतं. एकात एक घातलेल्या द्रोणांची चळत असावी तसा तो केस. तो किडे खाणाऱ्या एका वाघळाचा. फळं खाणाऱ्याचा केस वेगळा, त्याचे खवले कौलांसारखे अंगालगत निजलेले. आपल्या भागातल्या प्रत्येक जातीचा ठसा जमवायचा, म्हणजे पुढे गळालेल्या केसावरूनही राहणारा कोण ते सांगता येईल, असं त्यांचं काम होतं. त्यांचे वरिष्ठ म्हणत, बंदूक घेऊन जा, चार पाडा, स्पिरिटमध्ये घाला. आक्का म्हणायच्या, "मारून ओळख करून घ्यायची, हे कोनतं वळखणं झालं?" ज्या केसाचा पत्ता लागायचा नाही त्याच्या पट्टीवर त्या सरळ 'माहीत नाही' असं लिहायच्या आणि ती एका वेगळ्या लाकडी पेटीत ठेवायच्या. फेकायच्या नाहीत, अंदाजही ठोकायच्या नाहीत. लाल रंगात ठसा नीट दिसेना, म्हणून त्यांनी भावाला अकोल्याहून बिनरंगी बाटली आणायला सांगितली. नवऱ्याच्या खिशात ती मला सापडली तेव्हा दिवसभर मी मनात गाणी म्हणत होते. संध्याकाळी त्याने ती बहिणीच्या हातात दिली. मी जेवले नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यांच्या लाडक्या वाघळांची वस्ती वरवट बकालच्या अलीकडे एका गावात, पडक्या गढीच्या भुयारात होती. भुयार ढासळलेलं, आत माणूस शिरेल अशी जागा नव्हती. त्याला दोन तोंडं, एक गढीच्या पाठीमागे आणि एक विहिरीच्या अंगाला, बाभळीत बुजलेलं. आक्का कित्येक वर्षं एसटीने तिथे जात आणि मागच्या तोंडापाशी बसून राहत. कॉलेजातली पोरं त्यांना 'वाघळीणबाई' म्हणत, बायका त्यांच्या पदराला लेंड्यांचा वास येतो म्हणून हळदीकुंकवाला लांब बसत. त्या भुयारापाशी मात्र त्यांचा चेहरा माहेरी आल्यासारखा व्हायचा. सासूबाईंनी सोबतीला मला धाडलं. मी उंच टाचांच्या चपला घालून गेले. गढी चढताना एक टाच तिथेच राहिली. अजूनही तिथेच असेल. वरून वाघळांनी नायलॉनच्या साडीवर प्रसाद टाकला तो वेगळाच.

विहिरीजवळ शेषराव माळी यांची पेरूची बाग होती. त्या हंगामात रोज सकाळी झाडांखाली अर्धे कुरतडलेले पेरू पडायचे. शेषरावांनी गाव गोळा केलं आणि ठरवलं की मिरच्यांचा धूर देऊन भुयार मोकळं करायचं. आक्का धावत गेल्या. "अहो, माही वाघळं किडे खातात. तुमच्याच बागेतले किडे खातात!"

शेषराव शांतपणे म्हणाले, "बाई, माह्या पेरूले दात कोनाचे लागले मंग? माहे?"

मंडळी हसली. पण माणूस सरळ होता. पुढच्या बाजारापर्यंत थांबतो म्हणाले. "तुमची ती दुर्बीन हाये ना? तिले विचारा. ते जे म्हनन ते आमाले कबूल."

आक्का खुशीत होत्या. निकाल त्यांना आधीच माहीत होता. पेरूच्या झाडांवर शेषरावांनी जुनं जाळं टाकलं होतं, त्यात अडकलेले केस त्यांनी चिमट्याने उचलले. भुयाराच्या मागच्या तोंडाशी दगडाला चिकटलेले घेतले. आणि काम पुरं असावं म्हणून विहिरीकडच्या बाभळीच्या काट्यांवरचेही. त्या बाजूला त्या आजवर कधी बसल्याच नव्हत्या. ते केस काढायला मी काट्यांत हात घातला आणि रंगवलेलं नख तुटलं म्हणून एसटीत बसून रडले. त्या वेळी मला जगातलं सगळ्यात मोठं दुःख ते वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का ठसे पाहत बसल्या. मी दाराशी तांदूळ निवडत होते. त्या उठल्या, माठातलं पाणी प्यायल्या, पुन्हा बसल्या. पट्टी बदलली. पुन्हा तीच लावली.

"काय झालं?" मी विचारलं.

"मांगच्या तोंडाचे द्रोणच हायेत. पन जाळ्यावरचा अन् विहिरीकडचा... एकच हाये. कौलंवाला."

"म्हणजे?"

"म्हंजे शेषराव खरं बोलून राह्यले. तिकडून फळंवाली राह्यतात. इतक्या वर्षांत मले पत्ता नाही."

मी घाबरले की माझं पुणं गळून पडायचं. "मंग सांगता काऊन?" मी म्हणाले. "म्हना, केस येगळे हायेत. कोन पाह्याले येते? साऱ्या गावात दुर्बीन कोनाजवळ हाये?"

आक्का माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. नुसतं म्हणाल्या, "माह्याजवळ हाये ना."

बाजाराच्या दिवशी आम्ही गेलो. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, विहिरीकडची पेरू खातात, मागची खात नाहीत. कोणी हसलं नाही. लोक विहिरीकडच्या तोंडाशी ओला कडबा आणि मिरच्या रचू लागले. शेषराव जवळ येऊन म्हणाले, "बाई, तुमी घरी जा. पाहू नोका." आक्का म्हणाल्या, "मीच सांगतलं, तं मीच पाह्यतो." आणि त्या उभ्या राहिल्या. दिवस मावळत होता. धूर आत गेला, बाहेर काळे तुकडे उडाले. काही उडाले, काही बाभळीतच राहिले. एकाच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं होतं. मी तोंड फिरवलं. आक्कांनी नाही फिरवलं.

मागच्या तोंडाकडेही कोणीतरी कडबा नेत होतं. शेषरावांनी त्याला हाक मारली, "तिकडं नाही बे! जे बाई सोताच्याच लेकरायच्या खिलाफ बोलली, ते दुसरं खोटं बोलन काय?" कडबा परत आला. ते तोंड वाचलं. आक्कांनी ते ऐकलं की नाही, मला कळलं नाही. परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. सोबतीला म्हणून मला पाठवलं होतं; पण त्या दिवशी त्या बाईला सोबत कशी करायची असते ते मला येत नव्हतं. नखांचं मात्र काही बोलले नाही, एवढी अक्कल आली होती.

घरी आल्यावर त्यांच्या केसांना मिरचीच्या धुराचा वास येत होता. मी न विचारता माझा कंगवा घेऊन मागे बसले, तेल लावलं, वेणी घातली. त्यांचे खांदे मधूनमधून हलत होते. त्या दिवसापासून त्यांची वेणी माझ्याकडे आली. पुढे घरातली माणसं कमी होत गेली. सासूबाई गेल्या, नवरा गेला, मुलं मोठ्या शहरांत गेली. आम्ही दोघी राहिलो, आणि एक कंगवा. शेषराव होते तोवर दर हंगामाला पेरूची टोपली आणून ओट्यावर ठेवायचे. आक्का त्यांना बसवायच्या, चहा द्यायच्या, नातवंडांची चौकशी करायच्या. पेरू मात्र त्यांनी पुन्हा कधी खाल्ला नाही. सगळे मी खायचे आणि पोट बिघडवून घ्यायचे.

अलीकडे त्यांना दिसत नव्हतं. तरी वरणात केस निघाला की दुसरं कोणी नाक मुरडेल, तर या हात पुढे करायच्या, "आन इकडं." दोन बोटांत फिरवायच्या. "बाईमानसाचा. तुहा नाही तं माहा." मी म्हणायचे, "इतकं शिकल्या, तरी कोनाचा ते सांगता येत नाही?" त्या म्हणायच्या, "नाही येत. मानसाचा हाये एवढं येते."

आता घरात मी आहे. पुण्याला चल म्हणून नात रोज फोन करते. मी म्हणते, येते... दुपारी वरणात काही निघालं तर हात पुढे करणारं कोणी नाही. मग मी बोट ताटाच्या कडेला पुसते. परवा कंगवा साफ करायला घेतला. दातांत पांढरे केस गुंतलेले. शमीमच्या सुनेकडून बिनरंगी नेलपॉलिश मागून आणलं, ती गालात हसली, म्हणाली, "दादी, कुठं लग्नाले चालल्या?" आक्कांच्या खोलीत जाऊन काचेवर थर दिला, त्यातला एक केस ठेवला, वाळू दिला, ओढला. दुर्बिणीवरचं फडकं काढलं आणि डोळा लावला. निजलेली कौलं. माणसाची. त्यांचा असेल, माझा असेल.

पट्टीच्या कडेला चिठ्ठी चिकटवली आणि पेन घेऊन बसले. 'आक्का' असं लिहावं, असं फार वाटलं. लिहिलं असतं तर कोण पाहायला येणार होतं? साऱ्या घरात आता मी एकटी, दुर्बीणही माझ्याजवळच.

मग 'माहीत नाही' असं लिहिलं आणि पट्टी त्या पेटीत ठेवली.