सप्त्याची पायपेटी

“पेटीवाल्या रघूक ताप इलो हा. आज पेटयेर तू बस,” आमच्या वाडीचे भजन गाणारे तात्याबुवा म्हणाले. हा हुकूमच होता. देवळात आधीच्या वाडीची भजनी मंडळी उठायच्या बेतात होती.

“तात्यानू, मी हॉटेलात जॅझ वाजवतंय. माका भजन येणा नाय.”

“सूर कळता मा? मग झाला! पावणो म्हणान बस.”

एकोणीसशे साठच्या दशकाची सुरुवात असेल. मुंबईच्या हॉटेलांत पियानो वाजवून माझे केस पिकत आले होते. गावी आलो होतो निव्वळ झोपा काढायला.

सप्ता म्हणजे सात दिवस अखंड नामाचा गजर. प्रत्येक वाडीचा पहारा, म्हणजे गाण्याची पाळी, ठरलेला. गाणारे श्वास घेतात तेवढा वेळ सूर पेटीने धरायचा. सूर तुटला की पहारा दुसऱ्या वाडीकडे गेला. आमच्या दुपारच्या पहाऱ्यावर खालच्या वाडीच्या भाईंचा कैक वर्षं डोळा होता. ते खांबाला टेकून बसलेच होते. तात्यांचा सगळा जीव त्या पहाऱ्यात. तो गेला असता तर म्हातारा खचला असता.

पायपेटीला खाली दोन पायटे असतात. ते सतत मारायचे, तरच भात्यात वारा भरतो. पियानोलाही पेडल असतं, पण ते दाबून धरलं की आवाज मागे रेंगाळत राहतो.

सुरुवात झकास झाली. समुद्रावरून वारा येत होता, उदाचा धूर सभामंडपात तरंगत होता, गजर संथपणे फिरत होता. एका फेरीला मी एक सूर वेगळा टाकला. जॅझमध्ये याला इम्प्रोव्हाइज करणं म्हणतात: चाल सोडून भटकायचं आणि वेळेवर घरी यायचं. तात्यांनी भुवई उचलली आणि गाता गाता चक्क माझ्या सुरामागे आले. देवाशपथ सांगतो, इतकं सुख मला कुठल्या हॉटेलात मिळालं नाही. डोळे कधी मिटले कळलंच नाही.

आणि तिथेच घात झाला. आवाज रेंगाळावा म्हणून माझा पाय सवयीने खाली गेला आणि तिथेच राहिला; दुसराही थांबला. गाणाऱ्यांनी श्वास घेतला, पखवाजवाल्याने हात उचलला, पेटी गप्प.

पण सूर होताच! खड्या आवाजात कुणीतरी तो धरला होता.

“पाय मार रे, मेल्या, पाय!” तात्या ओरडले. मी पाय मारले, पेटी पुन्हा बोलू लागली. पाहतो तर खांबापाशी भाई उभे, डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या.

पहारा संपल्यावर तात्या त्यांच्यापुढे गेले. “भाई, सूर तुटलो. पहारो तुमचो.”

“खंय तुटलो?” भाई खेकसले. “मी धरलंय तो काय कुत्र्यान धरल्यान?”

तात्यांनी त्यांना मिठीच मारली. मला मात्र दोघांनीही यथेच्छ शिव्या घातल्या.

चुकीचा सूर लागला तर तोच पुन्हा वाजवा, लोकांना मुद्दाम केल्यासारखं वाटतं, असं आम्ही जॅझवाले नवख्यांना शिकवतो. सप्त्यात ही युक्ती चालत नाही. तिथे शेजारच्या वाडीला गाता यावं लागतं.