पानिपतात टँकर

त्या दुष्काळी उन्हाळ्यात मी, मुकुंद कस्तुरे, बीड बायपासच्या पलीकडच्या नव्या सोसायटीत बसून पानिपत लढत होतो. सोसायटीत नळ होते, पाणी नव्हतं. बँकेत साहेबांकडं रजा मागताना माझी बोबडी वळायची, पण संगणकाच्या पटावर मी अख्खी मराठी फौज हाकायचो. समोर अब्दालीच्या बाजूनं, इंटरनेटवरून खेळणारा हॉलंडचा पीटर, निवृत्त इंजिनिअर.

एका संध्याकाळी माझी चाल चालू असताना खालून बायको, भानुमती, ओरडली, "अहो सरसेनापती, टँकर आला! बादल्या आणा!"

मी घाईघाईत पीटरला इंग्रजीत लिहिलं, 'थांब, दारात टँक आलाय,' आणि जिना उतरलो.

पाइपाभोवतीच्या रेटारेटीत माझी आघाडी लगेच मोडली. भानुमतीनं कोपरानं वाट काढून पाणी भरलं, मी नुसत्या बादल्या वाहिल्या.

वर आलो तर पीटरचे निरोपावर निरोप. 'कुणाचा रणगाडा? तू जिवंत आहेस ना?'

मी ओशाळून टँकर म्हणजे काय ते समजावलं. त्यावर त्यानं लिहिलं, 'शेतात साचलेलं पाणी पंपानं समुद्रात टाकायचं, हीच माझी जन्मभराची नोकरी. आज पहिल्यांदा त्याची लाज वाटली.'

मला भरून आलं. एवढा हळवा माणूस आता नरमाईनं खेळेल, अशा भरवशावर मी तोफा बिनधास्त पुढं काढल्या. त्यानं सगळा तोफखाना कापून काढला.

"हरलात?" भानुमती म्हणाली. "बरं झालं. आता जेवून घ्या."